तहसीलच्या ओट्यावर भरलेली गादी

रौशनबीला निवडणुकीला उभं केलं ते सदाशिवरावांनीच. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तेच गावभर म्हणत फिरले की म्हातारीच्या डोक्यात हवा कोणी भरली कोण जाणे. हवा भरणाऱ्याचं तोंड पाहायचं असतं तर त्यांच्या दिवाणखान्यात पुरुषभर उंच आरसा होता.

दिग्रसला नगरपालिकेची निवडणूक लागली होती. कापसाचा भाव पडला त्याचं ते दुसरं का तिसरं वर्ष. मार्केटात गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहायच्या आणि प्रत ठरवणारा साहेब चिमटीत कापूस धरून असं नाक मुरडायचा, की जसं कोणाच्या पोराचं नाक पुसायला सांगितलंय. कापूस स्वस्त झाला म्हणजे गादीवाल्याची चांदी, असं शहाण्या माणसाला वाटतं. शहाण्या माणसानं कधी गादी विकलेली नसते. ज्या वर्षी कापूस पडतो त्या वर्षी लग्नं पुढे जातात, आणि लग्न नाही तर लेकीसोबत जायला नवी गादीही लागत नाही. लोक जुनीच गादी उलटी घालून आणखी एक हिवाळा काढतात.

दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, 'गफ्फार गादी भांडार'. पण गफ्फारमियांच्या छातीत पस्तीस वर्षांची रुई बसलेली. ते दारात खुर्ची टाकून खोकायचे आणि आल्यागेल्याला पाणी विचारायचे. माल आणणं, पिंजणं, भरणं, शिवणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं, ही कामं रौशनबीची. त्यातलं शेवटचं तिला जास्त साधलं होतं. मुलगा शहजाद बारावी झालेला, पिंजायचं मशीन चालवायचा, आणि आईसमोर आवाज चढवायची वेळ आली की मशीन आणखी मोठ्यानं चालवायचा.

रुई यायची सदाशिवरावांच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून. म्हणून ते दुकानात आले तेव्हा रौशनबीनं त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. सोबत त्यांचा कारकून देवराव, काखेत फाईल.

"रौशनबी, तुमचा वार्ड बायांसाठी सुटला," सदाशिवराव म्हणाले. "उभ्या राहता का?"

"मी? मले दुसरीच्या पुढं शाळेनंच ठेवलं नाई."

"शाळा कोन विचारते? नुसतं नाव पाह्यजे. फिराचं नाई, बोलाचं नाई. तुम्ही दुकानात बसा, बाकी आम्ही पाहून घेऊ."

चहा संपायच्या आत रौशनबीला सगळं कळलं. त्या वार्डात सदाशिवरावांची सून प्रेरणा उभी होती आणि तिच्यासमोर रौशनबीच्याच पिंजारपुऱ्यातली एक मास्तरीण. मोहल्ल्यातली दुसरी बाई उभी केली की मास्तरणीची मतं दोन जागी होणार आणि प्रेरणा अलगद निवडून येणार. म्हणजे रौशनबी कशी, तर शेतात उभं केलेलं बुजगावणं. हात पसरून उभं राहायचं आणि पाखरं हाकलायची. दाणा दुसऱ्याचा.

तरी ती हो म्हणाली. कारण चार वर्षांपूर्वी जिनिंगची भिंत पुढे सरकली आणि तिथली नाली वळून पिंजारपुऱ्यात आली. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की दुकानात घोटाभर पाणी. भिजली रुई वाळवता येते, तिचा वास जात नाही. रौशनबी अकरा वेळा नगरपालिकेत गेली. अकराही वेळा तिथला माणूस म्हणाला, "बाई, तुमच्या नगरसेवकाले घेऊन या." नगरसेवक सदाशिवरावांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचा. त्याला कुठून आणणार? तेव्हा तिनं मनात म्हटलं, नाव पाहिजे ना तुम्हाला? घ्या. नावाच्या मागे मीही येते.

देवरावांनी कागद काढले आणि पत्ते पिसल्यासारखे पुढे सरकवले. इथं अंगठा, इथं अंगठा, आणखी इथं. सूचक म्हणून शहजादची सही. रौशनबीनं चार ठिकाणी अंगठा दिला. गादीचं कापड घेताना वीत-वीत तपासणारी बाई, पण कागदाला तिनं बोट लावूनही पाहिलं नाही. कागद तिच्या धंद्यातला नव्हता, आणि जे आपल्या धंद्यातलं नाही त्याला माणूस असाच फसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सून नाहिदला म्हणाली, "चाल. वार्ड फिराचा हाये."

"अम्मी, सदाशिवराव तं म्हनत होते का फिराचं नाई."

"त्याईनं त्याईच्या सुनेले सांगावं. माही सून तू हायेस."

आता, दुसऱ्या उमेदवाराला घरोघरी ओळख करून द्यावी लागते. रौशनबीनं त्या वार्डातली जवळजवळ प्रत्येक गादी स्वतःच्या हातानं उघडलेली. कोणतं पोर दहा वर्षांचं होईस्तोवर गादी ओली करत होतं, कोणत्या नवरा-बायकोच्या एका गादीच्या दोन झाल्या, कोणाच्या उशाच्या कोपऱ्यात कोणाची चिठ्ठी शिवलेली निघाली, सगळं तिला माहीत. दारात गेली की घरातली म्हातारीकोतारी माणसं आधी जराशी दचकायची.

"घाबरता काहून?" रौशनबी म्हणायची. "तीस वर्षं तुमच्या गाद्या उघडल्या, कधी तोंड उघडलं का? आता उघडतो, पन नालीसाठी. मले मत द्या."

बायका हसायच्या, आत बोलवायच्या, बसायला चटई टाकायच्या. आठ दिवसांत काय झालं ते सदाशिवरावांना त्यांच्याच माणसांनी सांगितलं. मास्तरणीची मतं फुटली, हे खरं. पण प्रेरणाचीही फुटली, आणि दोन्हीकडची फुटलेली एकाच दारात जाऊन पडत होती.

मग ते पुन्हा आले. या वेळी खुर्चीवर बसले नाहीत.

"रौशनबी, अर्ज मागं घ्या. मंगळवारी तीन वाजेलोक मुदत हाये."

"उभं राहा म्हनाले तुम्ही. उभी राह्यली. आता बस म्हनता. मी काय शाळेतली पोट्टी हाव?"

"समजून घ्या. सीजन हाये तुमचा. जिनिंगमधून रुई नाई आली तं दोन महिने काय पिंजान? हवा?"

दारात गफ्फारमियांचा खोकला थांबला. शहजादनं मशीन सुरू केलं.

"रुईचं मंग पाहू," रौशनबी मशीनच्या वर आवाज काढून म्हणाली. "अर्ज माहा हाये. थो राह्यते."

मंगळवारी सकाळी सदाशिवरावांच्या घरून निरोप आला. विमलताईंची गादी पिंजायची आहे, आजच या.

विमलताई म्हणजे सदाशिवरावांची आई, ऐंशीच्या घरातली. रौशनबी लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या हाताखाली तिनं पहिली गादी भरली ती त्यांचीच. कापूस विमलताईंच्या माहेरच्या शेतातला, फुलसावंगीकडचा, आणि दर चार-पाच वर्षांनी तोच पिंजून पुन्हा भरायचा. म्हातारीला मशीनचं पिंजणं चालत नसे. पिंजणाच्या धनुष्याला ताणलेल्या तातीचा आवाज कानावर पडल्याशिवाय तिला गादी झाल्यासारखी वाटत नसे. लेकाशी वैर म्हणून आईचं काम टाकायचं, हे रौशनबीच्या मनाला मानवलं नाही. तिनं हरिसिंगची हातगाडी बोलावली, पिंजण, तात छेडायची मोगरी, दाभण, नवी खोळ गाडीवर टाकली आणि निघाली.

इथं पिंजाऱ्याच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. गादी मालकिणीच्या डोळ्यांसमोर उघडायची. आणि एकदा उघडली, की भरून, तोंड शिवल्याशिवाय तिच्यापासून उठायचं नाही. लोक गादीत काय काय ठेवतात. नथ ठेवतात, पुतळ्या ठेवतात, आणि ठेवून विसरतात. उघडी गादी सोडून उठलेल्या पिंजाऱ्यावर उद्या चोरीचा आळ आला तर त्याच्याजवळ जबाब नसतो. रौशनबीची सासू नमाजेची वेळ झाली तर त्याच खोलीत चादर अंथरायची, पण गादी नजरेआड होऊ द्यायची नाही. ही रीत साऱ्या गावाला ठाऊक होती. सदाशिवरावांनाही.

अकरा वाजता मागच्या पडवीत गादी उघडली. विमलताई खाटेवर पाय सोडून बसल्या. तात वाजू लागली, टॅण् टॅण्, आणि दाबून दगड झालेला कापूस हळूहळू जागा होऊन फुलू लागला. प्रेरणानं दोनदा चहा आणला. मोठ्या घरची सून, सकाळपासून प्रचाराला जायचं सोडून दोनदा चहा आणते, हे रौशनबीला जरा जास्तच गोड लागलं.

"सावकाश करा काकू, घाई नाही," प्रेरणा म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

घाई नसलेलं माणूस घड्याळ कशाला पाहतं?

"विमलताई," रौशनबीनं मोगरी थांबवली, "गादी तं चांगली होती. दोन वर्षं अजून चालली असती. आजच काहून काढली?"

"मी कायले काढतो?" विमलताई म्हणाल्या. "सदाशिवच म्हने, माय, तुही पाठ दुखते, पिंजून घे. मी म्हनलं पाठ तं माही दुखत नाई. थो म्हने, दुखन."

तेवढ्यात नाहिद आली. पायात एकच चप्पल, दुसरी कुठे रस्त्यात राहिलेली.

"अम्मी! ते देवराव आलते. शहजादले घेऊन गेले तहसीलात. कागद हाये त्याईच्यापाशी. तुमचा अंगठा हाये त्याच्यावर, का माह्या वतीनं माहा सूचक अर्ज मागं घेईन म्हनून. त्यावर शहजादशिवाय दुसऱ्या कोनाचं चालत नाई, म्हनून त्याले नेलं. नाई आला तं आजपासून रुई बंद म्हने."

चार अंगठ्यांतला चौथा. रौशनबीच्या डोळ्यांसमोर देवरावांची बोटं आली, कागदाच्या वरच्या ओळीवर पसरलेली.

घड्याळात दीड वाजला होता. समोर खोळ उसवलेली, कापूस अर्धा पिंजलेला, अर्धा ढेकळं. उठून पळावं तर उद्या गावात बोभाटा, की पिंजारीण गादी उघडी टाकून पळाली, आणि म्हातारीची नथ सापडत नाही. न उठावं तर तीन वाजणार. सदाशिवरावांनी तिला कुलूप लावलं नव्हतं, दोरीनं बांधलं नव्हतं. तिच्याच रीतीनं तिला बांधून ठेवलं होतं.

प्रेरणा दाराशी उभी राहून नखं पाहत होती.

"काकू, जायचं असेल तर जा ना," ती म्हणाली. "आम्ही पाहतो गादीकडे."

"तू पाहशीन हे मले दिसतेच," रौशनबी म्हणाली. तिनं पिंजलेल्या कापसाकडे पाहिलं, ढेकळांकडे पाहिलं, खाटेवरच्या विमलताईंकडे पाहिलं.

"गादीपासून उठाचं नाई," ती म्हणाली, "पन गादीले घेऊन उठू नये, असं माह्या सासूनं कधी सांगतलं नाई. नाहिद, चादरी आन. हरिसिंग!"

"काय करून राह्यली तू?" विमलताईंनी विचारलं.

"तुमची गादी तहसीलात भरतो. पन मालकिनीसमोर भरा लागते. तुम्हाले याव लागन."

विमलताईंनी खाटेखालच्या चपला पायानं चाचपल्या.

"जीपमध्ये?"

"हातगाडीवर. कापसावर बसा. पाठ दुखत नाई ना?"

"माही पाठ चांगली हाये," विमलताई म्हणाल्या आणि खाटेवरून उतरल्या. "तीन वर्षं झाले, मले ह्या घराच्या बाहेर कोनी नेलं नाई. चाल."

"आजी!" प्रेरणा ओरडली. "बाबा काय म्हणतील?"

"थो म्हने माही पाठ दुखते. त्याले सांगजो, औषध घ्याले गेली."

कापसाची चार गाठोडी गाडीवर चढली, त्यावर खोळ, त्यावर विमलताई. रौशनबीनं पिंजण खांद्यावर घेतलं आणि गाडीच्या बाजूनं चालू लागली, एक हात कापसावर. हरिसिंग ढकलत होता. आयुष्यभर त्यानं पोती वाहिली होती, मालकीण पहिल्यांदाच.

"भाभी, हळू घेऊ का जोरात?"

"जोरात. पन म्हातारी पडली तं तुले सोडनार नाई."

"अन् तीन वाजले तं?"

"तरी सोडनार नाई."

मेन रोडवर लोक दुकानांतून बाहेर आले. गाठोड्यांच्या तोंडातून कापूस उडत होता, मागे पोरं धावत होती. मार्केटच्या फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. त्यातल्या एका गाडीवरून किसनराव नावाचा शेतकरी ओरडला, दोन दिवस रांगेत बसून त्याला दुसरं काम नव्हतं.

"ओ भाभी! कापूस कोनत्या ग्रेडचा?"

"तुह्या साहेबाले झेपनार नाई त्या ग्रेडचा!"

"अन् वर बसली ते?"

"मी सरकी हाव बापा," विमलताईंनी वरून उत्तर दिलं. अख्खी रांग हसली.

सव्वादोन वाजता गाडी तहसीलच्या आवारात शिरली. ओट्यावरच्या बाकावर शहजाद बसला होता. नवा शर्ट, काखांत ओला. हातात कागद, चार घड्या घातलेला. देवराव फाटकाबाहेर पानाच्या टपरीवर. त्यांना वाटलं काम झालंच.

रौशनबी समोर उभी राहिली. शहजाद उठला, परत बसला.

"देल्ला का?"

"नाई." त्यानं कागदाची आणखी एक घडी घातली. "दोनदा माहा नंबर आला, अम्मी. दोनदा मी मागच्याले पुढं जाऊ देल्लं."

"कायले?"

"मालूम नाई. पाय उचलत नव्हते. पन नाई देल्ला तं रुई बंद होते. अब्बाचं औषध, दुकान... तुम्ही फक्त नालीचं पाहता."

हे बोलणं रौशनबीला लागलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. दोन महिन्यांचा सीजन बुडाला तर चूल कशी पेटायची, हे तिलाही माहीत नव्हतं. ती त्याच्या शेजारी क्षणभर टेकली.

"शहजाद, आज मी बसली का, ते मले जलमभर बसवतीन. रुई दाखवून उठवतीन, रुई दाखवून बसवतीन. माह्यामागं तुले. आन थो कागद."

त्यानं कागद दिला. तिनं तो फाडला नाही. ओट्याच्या मधोमध जमिनीवर ठेवला, आणि त्यावर मांडी घालून बसली.

"आता गाठोडी उतरव."

ओट्यावर तात वाजू लागली. कचेरीतले लोक खिडकीत आले. निवडणुकीचा साहेब, बाहेरगावचा, तरणा, चष्मेवाला, दारात आला.

"बाई, हे काय चाललंय? आचारसंहिता आहे. इथे प्रचार करता येत नाही."

"प्रचार कुठी करून राह्यली, साहेब? धंदा करून राह्यली. ह्या मालकीन, हे त्याईची गादी."

"तहसीलच्या ओट्यावर?"

"साहेब," विमलताई पायरीवर बसून म्हणाल्या, "हे आटोपल्याशिवाय मले घरी झोपाले जागा नाई. तीनच्या नंतर आम्ही जातोच."

साहेबानं रौशनबीकडे पाहिलं. "तुम्ही उमेदवार ना? अर्ज मागे घ्यायला आलात?"

"नाई. थो राह्यते का जाते, ते पाहाले आली."

साहेब आत वळला. जाताना त्यानं शिपायाला सांगितलं, की ओट्यावरचा पंखा बंद कर, कापूस आत येतोय. एवढंच सरकारनं केलं, पण केलं.

पावणेतीनला जीप आली. सदाशिवराव उतरले ते थेट ओट्यावर, बुटांसकट, आणि पिंजलेल्या कापसाच्या कडेला येऊन थांबले. आधी त्यांनी आईकडे पाहिलं.

"माय, तू इथं?"

"तूच म्हनला पिंजून घे."

"शहजाद, कागद कुठाय?"

शहजादनं खाली मान घातली. मग वर केली. "मी नाई देत."

"तुले द्याचा का नाई हे नाई विचारलं. कागद कुठाय?"

"माह्याखाली," रौशनबी म्हणाली. हात थांबले नाहीत. ती खोळीत कापूस भरत होती, कोपरे आधी, मग पोट. "मले उठवा अन् घ्या."

टपरीवरून देवराव धावत ओट्यावर आले. सदाशिवराव देवरावांकडे वळले. देवरावांनी नुकतंच तोंडात घातलेलं पान गिळलं.

"मी उठू शकत नाई," रौशनबी म्हणाली. "तुम्हाले तं माहीतच हाये. उघडी गादी टाकून पिंजारी उठत नाई. ह्याच भरोशावर बोलावली होती ना?"

"रौशनबी, मी तुम्हाले शेवटचं सांगतो—"

"सांगा. पन कापसावर बूट नका देऊ. तुमच्या आजोबाच्या शेतातला हाये."

ते एक पाऊल मागे सरकले. नकळत सरकले, आणि सरकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांनी पाहिलं.

"उद्यापासून माह्या जिनिंगमधून तुले रुईचा एक तंतू भेटनार नाई," ते म्हणाले. तुम्हीचं तू झालं होतं.

"नका देऊ. कापूस तुमच्या जिनिंगात पिकत नाई, सदाशिवराव. वावरात पिकते. आता येताना पाह्यलं, दोनशे गाड्या उभ्या हायेत मार्केटात, दोन-दोन दिवसांच्या खोळंबलेल्या. सरकी मी हातानं काढीन. बोटं झिजतीन, तं झिजू द्या. तुम्ही झिजवाल त्याहून ते बरं."

हे बोलताना तिलाही ठाऊक होतं, की हातानं सरकी काढून सीजन निघत नसतो. पण काही वाक्यं आधी बोलून टाकायची असतात, खरी मागून करायची.

तिनं दाभणात दोरा ओवला. खोळीचं तोंड जुळवून पहिला टाका घातला. सदाशिवराव उभे राहिले, घड्याळ पाहिलं, देवरावांना काहीतरी पुटपुटले. देवराव आत गेले आणि तसेच बाहेर आले. कागदाशिवाय काही होत नव्हतं, कागद बाईखाली होता, आणि बाईला हात लावणारा माणूस अजून दिग्रसात जन्मायचा होता. शहजाद येऊन आईसमोर बसला आणि खोळीची दुसरी बाजू ताणून धरली, म्हणजे टाका सरळ पडेल.

आतल्या घड्याळाचे तीन टोल पडले. शिपायानं दाराचं एक पान लावलं. साहेब बाहेर येऊन यादी वाचू लागला. तिसरं नाव रौशनबीचं होतं. शहजाद पुटपुटला, "अम्मी, तुमचं नाव." ती म्हणाली, "ऐकलं. दोरा ताण."

शेवटची गाठ बसल्यावरच ती उठली. गुडघे धरून, दुसऱ्या खेपेला. खालचा कागद उचलला, शहजादच्या हाती दिला. "वाच, काय लिवलं होतं ते. मले ऐकू दे." त्यानं वाचला. तिनं ऐकला, मान हलवली. "चांगल्या अक्षरात लिवलं देवरावांनी," ती म्हणाली. "आता फाड."

सदाशिवरावांनी जीपचं दार उघडलं. "माय, बस."

"मी गादीवर जातो," विमलताई म्हणाल्या. आणि त्या गेल्या, नव्या गादीवर पाय पसरून. हरिसिंग गाडी ढकलत होता, रौशनबी बाजूनं, मागे जीप पहिल्या गिअरमध्ये, कारण गल्लीत पुढे जायला जागा नव्हती.

"विमलताई," रौशनबीनं विचारलं, "मत कोनाले देनार?"

विमलताईंनी विचार केला. खोटं बोलायचं वय निघून गेलं होतं.

"प्रेरनाले. नातसून हाये माही. गादी तुह्या हातची, पन मत घरचं."

"बरोबर हाये," रौशनबी म्हणाली. तिला राग आला नाही. आला असता तर लपवला नसता. "मांगितल्याबिगर मी राहनार नाई, एवढंच."

सदाशिवरावांच्या गल्लीत ती आजवर प्रचाराला आली नव्हती. लोक दारांत उभे होतेच, हातगाडीवर बसलेली मालकीण पाहायला. रौशनबीनं हरिसिंगला थांबायला सांगितलं. मागे जीपही थांबली. तिनं पदर सारखा केला, केसांतला कापूस काढला, आणि सदाशिवरावांच्या शेजारच्या घराची कडी वाजवली.